पोस्टरखालचं आत्याचं कोपर

"रोज व्यायाम करणाऱ्या बाईला स्तनाचा कॅन्सर होतच नाही, हे खरं का?"

मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली होती, की शाळेतल्या सगळ्या मुलींसमोर 'स्तन' हा शब्द न अडखळता म्हणून दाखव. दाखवला की! तोही माईकवर! मागच्या रांगेत खिदळणं सुरू झालं. आरोग्यावर बोलायला आलेल्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत.

"होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "व्यायाम केला, दारू टाळली, वजन आटोक्यात ठेवलं, तर धोका कमी होतो. संपत नाही. छत्री घेतली तरी पाय भिजतातच ना? म्हणून गाठ लागली, तर कितीही धडधाकट असा, लगेच दाखवायचं."

माझं हसू मावळलं. कारण प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हताच. तो आमच्या व्यायामशाळेच्या दारावरच लावलेला आहे: 'रोज घाम गाळा, कॅन्सर टाळा!' यमक बाबांचं, रंग आईचे आणि फोटो आत्याचा.

आत्या बाबांची मोठी बहीण. बायकांची बॅच तीच घेते. दारू-सिगारेट सोडाच, चहात साखरसुद्धा नाही. काखेजवळ गाठ लागली तेव्हा म्हणाली, "वजन उचलताना स्नायू आखडला असेल. मला काय धाड भरलीय?" आणि कितीतरी महिने तसेच काढले. आपल्याच पोस्टरवर विश्वास ठेवला बिचारीने! मग ऑपरेशन, औषधं. आता ती बरी आहे, केसही बोटभर वाढलेत.

शाळेतून आले तर दारावर माझा फोटो! धावण्याच्या स्पर्धेतला, बत्तीशी दाखवणारा. खाली तेच यमक. घाईघाईत चिकटवलेल्या कागदाखालून आत्याचं कोपर बाहेर आलं होतं.

शी! घामाने चिकट झालेल्या चटया मी कितीदा पुसल्यात, पण इतकी किळस कधी आली नव्हती.

आत आत्या उभी होती, गळ्यात शिट्टी अडकवून. बाबा मधात बुडवलेल्या आवाजात म्हणत होते, "ताई, तू घरी आराम कर ना. बायका उगाच घाबरतात गं."

"घाबरतात, की बॅचमधून नाव काढून घेतात?"

"तसं नाही हो ताई," आई म्हणाली. "पण काहीजणी विचारतात, यांच्याच खाण्यापिण्यात काही चुकलं असेल का..."

"मग तू काय सांगितलंस?"

आई हातातला सुगंधी फवारा कोपऱ्याकोपऱ्यात मारत राहिली. आधीच घामाचा दर्प, त्यावर तो गोडमिट्ट वास. मी नाक दाबून धरलं.

आत्याने शिट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि चपला शोधू लागली. आमच्या व्यायामशाळेत सगळ्यात ताठ चालणारी बाई, आणि अशी वाकून!

मी शिट्टी उचलली आणि फुंकली. जोरात. आईच्या हातून फवारा पडला.

"आई, बाबा, ऐका. दारावरचा माझा फोटो मी आत्ता फाडणार आहे. संध्याकाळची बॅच आत्याच घेईल. तिला पाठवलंत, तर मीही या दारातून आत येणार नाही. आणि बॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्या काकूंना मी स्वतः सांगणार: घाम गाळा, पण गाठ लागली की डॉक्टरकडे पळा. यमक जरा लंगडं आहे बाबा, पण खोटं नाही."