बंद खिडकीतलं वारं

फुंकरबाबांच्या खोलीबाहेर चपलांचा एवढा ढीग पडला होता की स्वतःचा जोड परत सापडणं हाच मोठा चमत्कार ठरला असता. आत माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. खिडक्या बंद, त्यांवर जाड पडदे, आणि अत्तराचा असा मारा की नाकाने राजीनामा द्यावा. समोर आसनावर बाबा, पाठीमागे किलकिलं दार आणि दारात टेबलफॅन. त्या फॅनने बाबांचे केस भुरभुरत होते. भक्तांच्या मते ते तेजाने भुरभुरत होते.

बाबांनी अंगठ्याएवढी पांढरी बाहुली चिमटीत धरली. ज्याचा आजार, त्याची बाहुली. मग ढगळ बाहीचा दुसरा हात जवळ आणला, गाल फुगवले आणि फुंकर मारली. बाहुलीच्या अंगावर गुलाबी रंग चढला. आसनाखालून घरघर ऐकू आली. तो म्हणे ब्रह्मांडाचा नाद होता.

"रोग म्हणजे काय? उडालेला रंग," बाबा म्हणाले. "आम्ही तो परत देतो. औषध म्हणजे परका श्वास. तो सोडा, मग आमचा घ्या."

पुढच्या रांगेत एक गृहस्थ डुलू लागले. "वारं आलं, वारं आलं," अशी कुजबुज झाली.

मागे भिंतीला टेकून बसलेल्या सुनेला या वाऱ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ती सासूबाईंना घरी न्यायला आली होती. सासूबाईंना दमा होता आणि त्यांनी आपला पंप स्वयंपाकघरातल्या फडताळात, सर्वांत वरच्या खणात टाकून ठेवला होता. सुनेने तो शोधून पर्समध्ये घातला होता.

"आई, चला ना. सकाळपासून पंप घेतला नाहीत."

"गरजच नाही गं. इथे बसलं की कसं हलकं हलकं वाटतं बघ."

वाटत असेलही, पण बोलताना त्यांच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

तेवढ्यात सासूबाईंच्या नावाची बाहुली पुढे आली. फुंकर बसली, रंग चढला, आणि बाहुलीच्या गालावर एक थेंब फुटून त्याला बारीक बारीक पाय आले.

"पाहा," बाबा लगेच म्हणाले, "दमा पाय लावून पळाला."

लोकांनी माना डोलावल्या. सून मात्र ताठ बसली. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींच्या प्रतिकृती बनवायची. त्या इमारतींपुढे उभी करायची इवलीशी माणसं ती एअरब्रशने, म्हणजे हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या नळीने, रंगवायची. रंग पातळ करायचं थिनर त्यात जास्त पडलं की हवेच्या झोताने थेंब असाच फाकतो. ऑफिसात त्याला 'कोळी' म्हणत. नवीन असताना तिने रंगवलेल्या अख्ख्या वसाहतीच्या तोंडावर कोळी बसले होते. बाबांचा दमा म्हणजे हाच कोळी, आणि अत्तराखालचा तो दुसरा वास थिनरचा. ऑफिसात तोंडाला मास्क, खिडकी उघडी आणि वाफ बाहेर ओढणारा पंखा सुरू असल्याशिवाय ती बाटलीचं झाकणसुद्धा काढत नसे.

"बाबा," ती उभी राहून म्हणाली, "इथे तेलाचा दिवा कसा नाही एकही? लावायला सांगू का कुणाला?"

बाबांचं तेज झरकन उतरलं. "खोलीत आग आणायची नाही," ते आसनावरून अर्धे उठत म्हणाले.

म्हणजे ही वाफ पेट घेते, हे बुवाला पक्कं ठाऊक होतं. माणसांच्या छातीत ती जाते, हेही ठाऊक होतं. सुनेच्या अंगाची लाही लाही झाली. तिने पडदा बाजूला ओढला, खिडकीच्या फटींवर चिकटवलेली टेप फाडली आणि दोन्ही तावदानं सताड उघडली.

"बाई, वारं जाईल," बाबा ओरडले.

"जात नाही, येतंय," ती म्हणाली.

एकेक खिडकी उघडत ती आसनापाशी आली आणि तिने बाबांची बाही वर सारली. आत पेनाएवढा एअरब्रश होता. त्याची नळी काखेतून पाठीमागे आणि तिथून आसनाखाली घरघरणाऱ्या, हवा दाबून सोडणाऱ्या कॉम्प्रेसरला गेली होती. तिने नळी उपसली आणि एक कोरी बाहुली बाबांसमोर धरली.

"फुंका आता."

बाबांनी फुंकलं. पुन्हा फुंकलं. बाहुलीवर थुंकीखेरीज काही चढलं नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. डुलणारे गृहस्थ डुलायचे थांबून कपाळ चोळत होते.

"पण मग मला हलकं वाटायचं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"ती थिनरची वाफ, आई. बंद खोलीत ती डोक्यात जाते, माणूस सुन्न होतो. आपण त्याला वारं म्हणत होतो. तुमच्या छातीला तर ती विषच."

सासूबाई फॅनकडे बघत राहिल्या. "स्वतःच्या पाठीला मात्र मेल्याने दार उघडं ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. त्याच दारातून बाबांनी पाय काढता घेतला, तेव्हा दोघाचौघांनी पुढे होऊन त्यांना अडवलं.

सासूबाई खिडकीशी बसल्या. पंपाचा झुरका घेतल्यावर शिट्टी हळूहळू मंदावली. सुनेचे डोळे भरून आले.

एक बाई बिचकत पुढे आल्या. "आमच्या मुलीची बाहुली घरी आहे. टाकून देऊ का?"

"राहू दे. रंग वाळलाय, ती काही करणार नाही," सून म्हणाली. "मुलीला तेवढं डॉक्टरकडे न्या. आणि कुणी खिडक्या लावून बरं करतो म्हणालं, तर आत बसण्याआधी विचारा, खिडकी का लावली म्हणून."