शालीखालचं जाकीट

मी नारिंगी जाकीट बोलतोय! हो, तेच, छातीवर आणि पाठीवर रुपेरी पट्ट्या असलेलं. दिवसा माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, पण अंधारात गाडीच्या दिव्याचा झोत पडू द्या, मग माझा तोरा बघा.

माझा जन्म भोपाळात, गोविंदपुऱ्यातल्या एका शिलाईच्या दुकानात झाला. तिथून मी मोठ्या सरकारी कारखान्यात गेलो, क्रेन चालवणाऱ्या दिगंबररावांच्या अंगावर. त्यांच्याबरोबर ग्रीसचे डाग सोसले, डब्यातलं वरण सांडून घेतलं. ते निवृत्त झाले आणि मी इंद्रपुरीतल्या त्यांच्या घरी दारामागच्या खिळ्याला लटकलो. लटकून लटकून अगदी वीट आला होता.

माझं नशीब उघडलं ते त्यांच्या पत्नीच्या, रत्नप्रभाबाईंच्या गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि बाईंना चालण्याचं वेडच लागलं. थंडी असो, धुकं असो, पहाटे वसाहतीच्या रस्त्याला निघायच्या. वाटेत मूळच्या नागपूरच्या शशिकलाबाई भेटायच्या आणि सुनांपासून कोथिंबिरीच्या सांबारवडीपर्यंत सगळे विषय निघायचे. गुडघे सुधारत होतेच, पण बाईंचा चेहराही फुलला होता.

एके दिवशी पहिल्या पाळीला उशीर झालेला एक स्कूटरवाला मागून आला आणि बाईंच्या कोपराला घासून गेला. बांगड्या फुटल्या, बाकी निभावलं. पण साकेत नगरात राहणारी त्यांची लेक कांचन धावत आली.

"आई, बस झालं. आता गच्चीवर चाल."

"गच्चीवर काय, पाण्याच्या टाकीशी गप्पा मारू?" बाई रडवेल्या झाल्या.

तेव्हा दिगंबररावांनी मला खिळ्यावरून काढलं. "हे घालून जाईल ती. आणि रस्त्याच्या उजव्या कडेनं चालेल, म्हणजे समोरून येणारी गाडी तिला दिसेल."

कांचननं नाइलाजानं मान डोलावली, पण बजावलं, "परत काही झालं तर चालणं बंद!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला घातलं, आरशात पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "मी काय रस्ता खोदायला निघालेय?" असं म्हणून त्यांनी वरून तपकिरी शाल घेतली! नवऱ्याचा शब्दही राखला आणि चारचौघांतली शोभाही. मी मात्र आत गुदमरलो. शालीच्या आतून चकाकून काय उपयोग?

त्या पहाटे धुकं दाट होतं. शालीखाली मला तर काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. समोरून एक स्कूटी आली, अगदी जवळ आली, आणि करकचून ब्रेक लागला. बाई कशाबशा बाजूला झाल्या. पाहतात तर स्कूटीवर कांचन! आईवर लक्ष ठेवायला आलेल्या लेकीला आईच दिसली नव्हती.

"आई! जाकीट कुठंय?" ती ओरडली.

"हे काय, अंगात आहे की."

"अंगात आहे, पण दिसतंय कुठे? हद करतेस यार तू!" आणि ती रस्त्यातच रडायला लागली. "बस, खतम. उद्यापासून तू घरी."

बाईंनी शाल बाजूला केली. मग त्यांनी मला उतरवलं, शाल अंगाशी घट्ट गुंडाळली आणि मला तिच्यावर चढवलं. "जा, त्या वळणापर्यंत जा आणि परत ये. नाही दिसले तर मी आपणहून घरी बसेन."

कांचनच्या स्कूटीचा मागचा लाल दिवा धुक्यात दिसेनासा झाला. बाईंचं काळीज धडधडत होतं, मला शालीतूनही ऐकू येत होतं. मग वळणावर पांढरा झोत उजळला. होतं नव्हतं ते सगळं तेज मी पणाला लावलं!

तिथूनच हॉर्न वाजला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

कांचन हळूहळू जवळ आली, उतरली, डोळे पुसले. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. खाली वाकून तिनं माझे बंद बांधले. "गाठ सैल बांधतेस तू. उद्या वाटेत सुटली म्हणजे?"

बाईंनी 'उद्या' तेवढं ऐकलं आणि लेकीला मिठीच मारली. दोघींच्या मध्ये मी पार चुरगळलो, पण इतकं सुख मला कधीच मिळालं नव्हतं.

आता माझ्या पट्ट्यांच्या कडा जरा उसवल्यात. शशिकलाबाई म्हणतात, "तू त लांबूनच दिसते व बाई, मले बी असंच पाहिजे!" तुम्हालाही सांगतो, पहाटे जरूर फिरा, पण आम्हाला सगळ्या कपड्यांच्या वर घाला. शोभेचं काय, ती घरी आल्यावर बघता येते.

चला, बाईंनी चपला घातल्या. मला निघायला हवं.