पांढऱ्याची चाल

कान उडालेला काळा घोडा करिश्माच्या बोटांत होता आणि खिडकीच्या गजांतून माणिकबाईची नजर त्या तुटक्या कानावरच अडकली होती — तुटकं सोंगटं बरं नेमकं आपल्याच नातीच्या वाट्याला येतं! समोर अमरीन, बिल्कीसची लेक. तिचा पांढरा घोडा धडधाकट, आणि तोही अगदी तशाच जागी, जणू मध्ये आरसा धरलाय. प्याद्यासमोर प्यादं, उंटासमोर उंट... नक्कल, दुसरं काय.

अमरावतीच्या या शाळेत आज जिंकेल ती राज्याच्या संघात. हरली तर पट माळ्यावर आणि करिश्मा भाजीच्या पाटीशी, हे माणिकबाईनंच मुलाला बजावून ठेवलं होतं. आणि आता ही अमरीन... आईचेच गुण. बार्शीटाकळीच्या बाजारात बिल्कीस समोरच बसायची. कापूस बुडाला त्या वर्षांत गिऱ्हाईक वांग्याला नुसता हात लावून पुढे सरकायचं, माणिकबाई जो भाव ओरडायची तोच समोरून यायचा, त्याच सुरात — आणि गिऱ्हाईक वळतंय असं दिसलं की बिल्कीस हळूच भाव पायरीभर खाली उतरवायची. नकलेचं काही नाही, नक्कल कधी सोडतात त्यात सगळी मेख. ही पोरगीही दबा धरून बसली असणार...

बिल्कीस शेजारीच गजाला टेकली होती. बडनेरा स्टेशनाहून दोघी एकाच ऑटोत आल्या होत्या, दोन दिशांना तोंडं करून.

"तुही पोरगी नक्कल करून राहिली," तिच्याकडे न पाहता माणिकबाई म्हणाली. "असीले तं पटावरून उठवून द्याव."

बिल्कीस हसली नाही, हेच वाईट.

"माणिकबाई, पांढऱ्याची चाल पयली राहते. पांढरे कोनाकडे हायेत, ते तं पाहा."

अमरीननं प्यादं सरकवलं. करिश्मानं कपाळावरची बट मागे सारली आणि — तेच प्यादं. मेली, शिकली कुणाकडून?... आणि बाजारातली सकाळ कानात उलटी वाजू लागली. पाट्या उतरलेल्या, मेथीवर पाणी मारलेलं, आणि पहिला आवाज... पहिला आवाज कोणाचा? आपलाच. घसा तर आपला बसायचा. आपलाच असणार...

करिश्माचा हात पुन्हा घोड्याकडे गेला, या वेळी हवेतच अडला. तिनं खिडकीकडे पाहिलं. एरवी माणिकबाईनं मान हलवली असती, नात कुणाची ते साऱ्या खोलीला कळावं अशी. पण तिची मान वळली ती बिल्कीसकडे — ती आता काय करते, ते आधी बघायला.