विरुपाक्षाची पाठ

"त्याला सांग, माझ्या अंगाला हात लावायचा न्हाई." निंगप्पाने काठी आडवी धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दारात विरुपाक्ष उभा होता. गिरणीतून तसाच आलेला, भुवयांपर्यंत पीठ. मधे अंगणवाडीची मंजुश्री. बाहेरच्या रस्त्याने गाव बसवण्णाच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेकडे चाललं होतं. जमीन हललीच तर कोणी कसं बाहेर पडायचं, याची ती पहिली तालीम.

"अप्पा, तुमच्यानं चालणं हुईना. लेक-सून पुण्याला. शेजारी हेच हायत," मंजुश्री म्हणाली.

"शेजार म्हाईत हाय मला. ह्याच्या बापानं कोर्टात उभं केलतं मला."

"आन् माझ्या बापाचं डोस्कं कुणी फोडलतं, ते बी इचार त्यास्नी," विरुपाक्ष मंजुश्रीलाच म्हणाला, आणि निघून गेला.

बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून झालेलं भांडण ते. विरुपाक्षाचा बाप गेला, झाडही वठलं, पण दोन्ही घरांतल्या पुरुषांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. दोन घरांमधल्या दगडमातीच्या भिंतीवरून, जिला विरुपाक्षाची गिरणी लागूनच होती, भाकरी आणि आंबील तेवढी जायची. ती नागरत्नाची, विरुपाक्षाच्या बायकोची. म्हाताऱ्याची बायको वारल्यापासून तिने ते कोणाला न विचारता सुरू केलं होतं.

कर्नाटकातलं, निंबर्ग्याच्या पलीकडचं हे लहानसं गाव. गेल्या वर्षापासून इथल्या जमिनीच्या पोटात काहीतरी गुरगुरायचं. भांडी वाजायची, माळवदाची माती अंगावर गळायची. किल्लारीच्या वेळचं ज्यांना आठवत होतं, ते अंगणात झोपू लागले. कलबुर्गीहून साहेब येऊन कन्नडमध्ये सांगून गेले. मंजुश्रीने तेच घरोघर मराठीत सांगितलं. आवाज आला की बाहेर. निघताना चूल, गॅस, लाइटीचं मेन बंद. आणि ज्याला चालता येत नाही, त्याला उचलायला एक माणूस ठरलेला.

त्या संध्याकाळी नागरत्ना पीठ चाळत होती. "कामून आलाव तसंच माघारी?" तिने विचारलं.

"मला हात लावू देईना त्यो."

"भांडण तुमच्या बापाचं. पाय त्यांचं गेल्यात, तुमची पाठ धड हाय. पोती उचलताव की दिसभर."

पुढच्या तालमीला ती स्वतः बरोबर गेली. "अप्पा, बसा पाठीवर. म्या हाय न्हवं," म्हणाली. विरुपाक्ष म्हाताऱ्याकडे पाठ करून उकिडवा बसला. निंगप्पाने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, मग हात पुढे केले. देवळापर्यंत दोघांत एक शब्द झाला नाही. त्यानंतरच्या तालमींतही नाही.

भादव्यात झड लागली होती. आठवडाभर भिंती भिजून काळ्या पडल्या होत्या. त्या दिवशी दुपारी उघडीप मिळाली म्हणून गिरणीवर दळणं आली होती. विरुपाक्ष गिरणीच्या तोंडात ज्वारी ओतत होता आणि नागरत्ना डबा धरून होती, तेवढ्यात पायाखालून गाडी गेल्यासारखा आवाज आला. पत्रे थडथडले. दळणाला आलेल्या बाया ओरडत रस्त्यावर गेल्या. हे दोघेही धावले.

"तू देवळाकडं हो. म्या त्यास्नी आणतो," विरुपाक्ष म्हणाला.

"जावा जावा."

आत निंगप्पा बाजेवरून खाली सरकून पडला होता. वरून माती गळत होती. विरुपाक्ष खाली बसला, तसे म्हाताऱ्याने गळ्याभोवती हात आवळले. त्याच्या छातीची धडधड विरुपाक्षाला पाठीत जाणवत होती. तो धावत सुटला.

देवळापुढे सगळे आले होते. बाळंतीण आली होती, आंधळी शिवम्मा आली होती. मंजुश्री माणसं मोजत होती. विरुपाक्षाने निंगप्पाला ओट्यावर टेकवलं आणि गर्दीत नजर फिरवली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की गिरणी चालूच राहिली आहे. तिची रिकामी घरघर तिथपर्यंत ऐकू येत होती.

मग ती घरघर थांबली.

लाइट गेली नव्हती. देवळातला बल्ब जळत होता. कोणीतरी मेन बंद केलं होतं.

"नागरत्ने," तो मोठ्याने म्हणाला आणि पळाला. तो वळणावर असतानाच दुसरा धक्का आला. फार मोठा नव्हता. देवळापुढचं कोणी पडलंसुद्धा नाही. पण भिजलेली ती मधली भिंत गिरणीच्या अंगाने बसली.

दगड काढायला सगळं गाव लागलं. ती निघाली तेव्हा तिच्यात जीव नव्हता. चेहऱ्यावर, केसांत पीठ होतं. विरुपाक्षाने ते पुसू दिलं नाही.

गावात दुसरं कोणी गेलं नाही. ज्यांना उचलायचं होतं ते सगळे वाचले. धडधाकट माणसाला कोण उचलणार, हा विचार कोणी केलाच नव्हता. मंजुश्री त्याच्यापुढे येऊन रडू लागली. "म्याच शिकवलं तिला मेन बंद करायला."

"बराबर शिकवलंस," विरुपाक्ष म्हणाला. "म्या इसरलो. ती न्हाई इसरली."

दुसऱ्या दिवशी शेतात खड्डा खणला. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे विभूती लावून, बेलाची पानं वाहून तिला बसवून नेलं. वाट देवळावरून जात होती. ओट्यावर निंगप्पा आदल्या दुपारपासून तसाच होता. घरात जायला तयार नव्हता. मंजुश्री शेजारी उभी होती.

"त्याला सांग..." तो म्हणाला आणि थांबला. मग त्याने सरळ हाक मारली. "विरुपाक्षा. मला बी माती द्यायचीया."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी पुढे झालं, "म्या आणतो अप्पाला." विरुपाक्षाने मान हलवली. तो ओट्यापाशी आला, पाठ फिरवून उकिडवा बसला.

चिखलाची वाट होती. तो सावकाश चालला. म्हातारा कानाशी काहीतरी पुटपुटत होता, ते त्याला कळलं नाही. खड्ड्याच्या काठाशी तो गुडघ्यावर बसला, तरी निंगप्पाचा हात जमिनीला पोचेना. तेव्हा विरुपाक्षानेच मूठभर माती उचलून वर केली. म्हाताऱ्याने ती घेतली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून सोडली. थोडी खाली गेली, थोडी विरुपाक्षाच्या मानेवर पडली. त्याने ती झटकली नाही.