न पाहिलेली पावलं

बसा मित्रांनो, माझ्यावर खुशाल बसा. फक्त त्या कोपऱ्यात नको, तिथे मला कसर लागली आहे. मी लोकरीचा एक जुना नमदा आहे. आमच्या किर्गिझ डोंगरांत घराघरांत जमिनीवर अंथरतात, तसा जाडजूड आणि नक्षीदार. आता माझा लाल रंग पार विटून गेला आहे. पण एके काळी पाहुणे माझ्यावर पाय ठेवायला बिचकत असत.

माझा जन्म बुरुलच्या अंगणात झाला. शेजारच्या बायकांनी लोकर काठ्यांनी झोडली, तिच्यावर उकळतं पाणी ओतलं आणि गवताच्या चटईत गुंडाळून ती पायांनी तुडवली. तुडवता तुडवता त्या अख्ख्या गावाची उणीदुणी काढत होत्या. मग लाल आणि तपकिरी असे दोन थर एकावर एक ठेवून मेंढ्याच्या शिंगांची नक्षी एकदमच कापली. लाल शिंगं तपकिरीत बसली, तपकिरी लालमध्ये. अशा रीतीने एकाच सुरीखाली आम्ही दोन भाऊ झालो. माझा भाऊ बुरुलच्या लेकीबरोबर सासरी गेला आणि मी घरीच राहिलो.

पुढे बुरुलच्या मुलाचं, झुमाबेकचं लग्न झालं. त्याची बायको अनिपा मोठी हसरी होती. मला उन्हात टाकून झटकताना ती गाणी म्हणत असे. एका हिवाळ्यात तिला जुळे मुलगे झाले. थोरला असन आणि धाकटा उसोन. पाळण्यातून खाली ठेवलं की दोघांचं सगळं जग म्हणजे मीच! किती सुखाचे दिवस होते ते! आजही माझ्या अंगाला त्यांचे ओले तळहात आठवतात.

उसोन आधी पालथा पडला, आधी रांगला आणि पेटीला धरून आधी उभा राहिला. असन मात्र जिथे ठेवाल तिथे बसून राही. माझ्या शिवणीचा दोरा चिमटीत धरून तो तासन्‌तास ओढत बसे. मला तर त्याचं काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. पण शेजारीण गुलबारच्या जिभेला हाड नव्हतं.

एकदा चहा पिता पिता ती म्हणाली, "काय गं अनिपा, धाकट्याने पोटातच थोरल्याच्या वाटचं खाल्लं वाटतं?"

"तू आधी तुझ्या वाटचं खा आणि ऊठ," बुरुल म्हणाली. "पोरं आहेत ती. शर्यतीचे घोडे नव्हेत."

पण अनिपाच्या मनात ते बोलणं रुतून बसलं. तालुक्याहून नर्स आली. तिने असनला उलटसुलट करून पाहिलं. "पाठ ताठ आहे, पायांत जोर आहे. हा त्याच्या वेळेने चालेल. दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा," असं सांगून ती गेली. अनिपाचं समाधान काही झालं नाही. त्या दिवसापासून तिची गाणी थांबली. सकाळी असनच्या पायांना मेंढीची चरबी चोळायची, दुपारी त्याला गोधड्यांच्या चळतीशी उभं करायचं, संध्याकाळी पुन्हा चरबी. मध्येच उसोन लुडबुडत आला की ती म्हणे, "तू बस रे तिथे. तुझं बरं चाललंय."

एका दुपारी ती माझ्यावर गुडघे टेकून असनला बगलेत धरून उभं करत होती. तिच्या पाठीमागे उसोनने पेटी सोडली. मित्रांनो, त्याचा पाय माझ्यावर पडला तो रांगत्या पोराचा नव्हता. अख्खा भार एका पायावर, मग दुसऱ्यावर! डुगडुगत तो आईपर्यंत पोचला आणि त्याने तिची वेणी पकडली.

"सोड! बस म्हटलं ना?" वळूनही न बघता ती म्हणाली.

आणि तो बसला. माझा जीव तुटला. पण नमद्याला तोंड कुठे असतं?

पुढे तो चालतो हे सगळ्यांनाच कळलं. आमच्याकडे पोर चालू लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पायबंद बांधून तो कापतात. नाही कापला तर पोर जन्मभर ठेचकाळतं, असं म्हणतात. अनिपा मात्र हटून बसली.

"कापायचा तर दोघांचा. एकाचा कापला की दुसऱ्याला गाव लंगडा म्हणणार."

"आणि चालत्याला किती दिवस बांधून ठेवणार, पोरी?" सासूने विचारलं. शेवटी उन्हाळ्यात एकट्या उसोनचा पायबंद कापायचं ठरलं.

मला गवतावर अंथरलं. बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगरे तुकडे, तळले गेले. पायबंद कापायचा मान शर्यत जिंकणाऱ्या पोराचा. पोरांची शर्यत लागली आणि पहिली आलेली मुलगी धापा टाकत सुरी घेऊन उभी राहिली. सुरी लावण्याआधी आईने सर्वांना सांगायचं असतं, पोराने पहिलं पाऊल कधी टाकलं आणि कुणाकडे.

"सांग, सूनबाई," बुरुल म्हणाली.

अनिपा आठवू लागली. असनने मान कधी धरली, तो आधाराशिवाय कधी बसला, सगळं तिला तोंडपाठ होतं. उसोनचं काहीच नव्हतं.

"मला माहीत नाही, आई," ती पुटपुटली. "मी बघितलंच नाही."

गुलबार हसायला गेली, पण तिचं हसू ओठांतच राहिलं. तुझ्याकडेच गं, तुझ्याकडेच, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"मग आता बघ," बुरुल हलकेच म्हणाली. सुरी फिरली, लोकर तुटली. उसोन आईच्या दिशेने निघाला. हातभर अंतर राहिलं आणि तो थबकला. कुणी काही म्हणालं नव्हतं, तरी शहाण्यासारखा मुकाट्याने खाली बसला.

अनिपा रडत रडत माझ्यावर गुडघ्यांनी पुढे सरकली. "ऊठ रे माझ्या राजा. ये. मी बघतेय." तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. ती तीन-चारदा म्हणाली, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला.

असन थंडीच्या तोंडावर चालला, कुणीही उभं न करता. आज दोघांच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या आहेत, आणि पुढे कोण चालतं ते मलाही सांगता येणार नाही.

मी मात्र अडगळीत पडलो. माझ्यासोबतचे फाटके नमदे वरचेवर उन्हात गेले, त्यांना टाके पडले. मी धडधाकट होतो, म्हणून मला कुणी उलगडून पाहिलं नाही. कसर लागली ती तेव्हाच. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. फाटक्याला टाके जरूर घाला, पण जो धड आहे त्यालाही कधी उन्हात न्या. तुमच्या घरातही एखादा उसोन असेल. त्याचं बरं चाललंय असं म्हणण्याआधी, एकदा वळून बघा.