वळणावरची मिरची

कारंजा घाडग्यात रूपरावची मिरची-हळद कांडायची गिरणी होती, आणि पारख तो जिभेनं करायचा. मालाची, असं म्हणायचं. पण माल आणि माणूस यांत त्यानं फारसा फरक कधी केला नाही. चिमूटभर मिरची जिभेवर टेकवली की अस्सल भिवापुरी का भेसळ, ते थुंकायच्या आत सांगे.

चाळीस वर्षं त्या धुळीत उभं राहून त्याला दमा जडला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी पंप दिला. तोंडात धरून दाबायचा आणि ओढायचा. घशाशी कडवट चव बसे, ठसका लागे आणि रूपराव समाधानानं मान हलवी. माल चोख. पुढे आवाज बसला, जिभेवर पांढरे चट्टे आले, तरी पंपावरची निष्ठा ढळली नाही.

चट्टे पाहून डॉक्टरांनी पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं लिहून दिलं. औषध आधी त्यात सोडायचं, मग सावकाश ओढायचं, दहा आकडे दम धरायचा. नळकांडं आणि नवा पंप सून मयुरीनं आणला. रूपरावनं ओढून पाहिलं. चव नाही, ठसका नाही. त्यानं सुनेकडे पाहिलं आणि त्याला एकदम आठवलं की तिच्या भावाचं, अश्विनचं, नाचणगावला मेडिकल आहे. न खपलेला माल कुठं जातो, हे व्यापाऱ्याला काय शिकवायचं?

त्यानं खिळ्यानं पंपाच्या बुडाशी बारीक चरा पाडला. पंप बदलला तर कळेल. मयुरी दर रविवारी नळकांडं साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळत ठेवी. तो पुरावा धुणं आहे, असं त्यानं मनात नोंदवलं. बायको मनकर्णाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली की एवढं लक्ष पथ्यावर दिलं असतं तर दमा स्वतःहून गाव सोडून गेला असता.

पंधरा दिवस चरा जागच्या जागी होता. मग एका सकाळी त्यानं नळकांडं काढून पंप सरळ तोंडात मारला. आली, तीच कडवट चव! म्हणजे माल खरा होता. सून सुटली, याचं त्याला थोडं वाईटच वाटलं. चोर नळकांडं होतं. औषध तेच खाऊन बसत होतं. त्यानं ते पोत्यांमागं सारलं आणि गुपचूप जुन्या रीतीनं ओढू लागला.

नवव्या दिवशी गिरणीच्या माळ्यावर चढताना चौथ्याच पायरीवर त्याची छाती शिट्टी वाजवू लागली. मयुरी पंप घेऊन धावली. तोंडात धरून त्यानं जोरात ओढला आणि खोकत खाली बसला. नळकांडं कुठं आहे, हे तिनं विचारलं नाही. पोत्यांमागून काढलं, जोडलं, दोनदा ओढायला लावलं. छाती मोकळी झाल्यावर तिनं धूळ ओढणाऱ्या पंख्याच्या पाइपाकडे बोट केलं. त्याच्या वळणावर रूपराव रोज संध्याकाळी लाकडी मोगरी मारी.

"मामाजी, हे वळण रोज काऊन ठोकता?"

"चोंदते ना. पंखा जोरात ओढते, जाड मिरची वळत नाई. सरळ जाऊन आदळते आन् तिथंच बसते."

"आन् पंखा हळू केला तर?"

"मंग बारीक धूळ वळते, पार टोकाच्या पिशवीत जाते."

एवढं बोलून रूपराव थांबला. हात आपसूक गळ्यावर गेला.

"जिभेले लागलं ते छातीले नाई पोचलं," मयुरी म्हणाली. "जाड कण नळकांड्यात राह्यते, बारीक तेवढे आत जाते. चव लागली म्हणजे औषध वळणावर बसलं."

चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मालातली खोट काढणारा माणूस स्वतःच्या गळ्यावर मोगरी कशी मारणार?

महिन्याभरानं तो माळ्यावर न थांबता चढला. आवाज खुलला, चट्टे गेले. रोज ते बेचव औषध ओढून तो दहा मोजी, आणि चव लागली नाही की मान हलवी. मात्र ओढण्याआधी पंप उलटा करून बूड बघायची खोड सुटली नाही.

पंप संपला तेव्हा मयुरीनं तो उजेडात धरला.

"हा चरा कोणं पाडला, मामाजी?"

"तुह्या भावाले विचार," रूपराव म्हणाला. "त्याच्या दुकानातून आला ना."

"पंप तर वर्ध्याहून आणला होता," मयुरी म्हणाली आणि नवा पंप त्याच्या हातात दिला, सोबत एक खिळाही.