आत्याबाई उन्हाला निघाल्या

मंगळावर एक गाडी होती आणि पृथ्वीवर तिचे एक काका होते. गाडीचं कागदोपत्री नाव एवढं लांब, की घेईपर्यंत चहा गार व्हायचा, म्हणून सगळे तिला आत्याबाई म्हणत. ती चालायची हळू, वाटेतल्या दगडादगडाची चौकशी करायची आणि संध्याकाळ झाली की स्वतःच्या तब्येतीचं रडगाणं पाठवायची. बॅटरी उतरलीय, धूळ बसलीय, गारठा वाढलाय. दोन वर्षांपूर्वी तिचं पुढचं एक चाक आखडलं, तेव्हापासून ती उलटी चालत होती, दुखरा पाय मागून फरफटत.

काका तिचे चालक. चालक म्हटलं की हातात स्टिअरिंग दिसतं, पण इथे तसलं काही नव्हतं. तिची सकाळ झाली की दिवसभराच्या आज्ञांची एक यादी पाठवायची: एवढं मागे जा, थांब, फोटो काढ. मग ती काय करते ते संध्याकाळी कळायचं. मधला वेळ नखं खायला मोकळा. त्यात मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, त्यामुळे काकांची कामाची वेळ रोज पुढे सरकत जायची.

"आज तुझी सकाळ किती वाजता आहे रे?" काकांची ताई फोनवर विचारायची.

"दुपारी दोनला."

"मग जेवायला कधी येतोस?"

"माझ्या रात्री की तुझ्या?"

ताई फोन ठेवून द्यायची. हल्ली तिने विचारणंही सोडलं होतं.

एकेकाळी काकांच्या कामाच्या खोलीत चौदा माणसं होती. नियम असा, की यादी पाठवण्याआधी दोघांनी बसायचं. एकाने ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून, नीट बघून "हो" म्हणायचं. मग मंगळावर नवी गाडी उतरली. तिला उन्हाची गरजच नव्हती, पाठीवर अणुशक्तीची शेगडी घेऊनच आली होती. एकेक माणूस तिच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर गेला, जाताना आपापली खुर्ची घेऊन गेला. शेवटी "हो" म्हणणाराही गेला. तेव्हापासून काका जाड आवाजात ओळ वाचायचे, मान वळवायचे आणि बारीक आवाजात स्वतःच "हो" म्हणायचे. हा दुसरा माणूस फार गुणी निघाला. आठ महिन्यांत एकदाही नाही म्हणाला नाही.

सोमवारी मॅडम आल्या. त्या दोन्ही गाड्यांच्या प्रमुख, पण बसायच्या तिसऱ्या मजल्यावर.

"तिकडे हिवाळा आलाय, काका. शुक्रवारपर्यंत आत्याबाई उन्हाकडच्या उतरणीवर पोचल्या तर आपण पाच महिने त्यांची वाट बघू. नाही पोचल्या तर त्या गारठून जातील, आणि ही खोली आम्हाला लागेलच."

उतरण छत्तीस मीटरवर होती. रोजचे बारा धरले तर तीन दिवस, आणि हाताशी होते चार. काकांनी मंगळवारची यादी मन लावून लिहिली. तळमजल्यावर वाळू पसरलेल्या खोलीत आत्याबाईंची हुबेहूब जुळी, पण धाकटी बहीण ठेवलेली असे. प्रत्येक यादी आधी तिच्यावर करून बघायची, मग वरच्या ओळीतला पत्ता बदलून मंगळावर पाठवायची. काकांनी तालीम केली, यादी उघडली, जाड आवाजात वाचलं, "पत्ता?"

"हो," बारीक आवाज म्हणाला. त्याने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तासाभरात फोटो आले. काका दचकले, कारण मंगळाहून फोटो इतक्या लवकर यायचे नाहीत. पहिल्या फोटोत एक मिशाळ माणूस होता. हातात डाव, मागे ओळीने पातेली. दुसऱ्या फोटोत तोच माणूस, जरा जवळून. यादीत लिहिलं होतं, समोरच्या खडकाचे नऊ फोटो घे. ते नऊच्या नऊ आले. नवव्यात माणसाने डाव उगारला होता.

झालं होतं ते असं. पत्ता बदललाच गेला नव्हता, आणि वाळूच्या खोलीचं दार झाडलोटीसाठी उघडं होतं. धाकटी बहीण उलटी चालत बाहेर पडली आणि तासभर कॉरिडॉरमधून गोगलगायीसारखी सरकत राहिली. कुणीही तिला अडवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, ती दुसऱ्या खात्याची असेल. पहारेकऱ्याने तर वहीत तिची येण्याची वेळ लिहून घेतली. बारा मीटर पुरे करून ती कँटीनमध्ये शिरली आणि तिथे बटाट्याच्या पोत्यावर मागचं चाक चढवून थांबली.

इमारत हसून हसून बेजार झाली. काका हसले नाहीत. तिकडे आत्याबाई दिवसभर आज्ञेची वाट बघत जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. ऊन आलं आणि गेलं. हाताशी ठेवलेला एक दिवस संपला.

मॅडमनी खाली येऊन फर्मावलं, "यापुढे दुसरा माणूस असल्याशिवाय एक ओळही जाणार नाही."

"मग माणूस द्या."

"माणूस कुठून आणू?"

"मग?"

"नियमात 'दुसरी व्यक्ती' लिहिलंय. कोणती ते लिहिलेलं नाही." आणि मॅडम गेल्या.

बुधवारी काकांनी पहारेकऱ्याला धरून बसवलं. त्याने सगळ्या ओळींना एकदमच "हो" म्हणून टाकलं. पण त्या दिवशी धूळ एवढी होती, की आत्याबाई सात मीटरवरच थकून थांबल्या. उरलेले एकोणतीस मीटर शुक्रवारपर्यंत होणं शक्य नव्हतं, हे काकांना पहिल्या आकड्यावरूनच कळलं. तरी त्यांनी ते तीनदा मोजले.

गुरुवारी कँटीनचा आचारी तणतणत वर आला.

"बटाटे कोण भरून देणार? तुमच्या त्या येडीने पोतं चिरडलं. वर कशी कलंडून बसली होती, माहितीय? खिडकीकडे पाठ करून. आमच्याकडची मांजर ऊन खाते ना, अगदी तशी!"

काका उठून उभे राहिले. "कलंडून?"

"चांगलीच कलंडून. का हो?"

काकांनी धाकटीचे मंगळवारचे आकडे काढले. पोत्यावर चढल्यापासून तिच्या पाठीवरच्या सौर पट्ट्यांनी दीडपट वीज गोळा केली होती. उतरणीवर पोचायची गरजच नव्हती. उन्हाकडे कलंडून बसता आलं तरी पुरे होतं. आत्याबाईंच्या मागे चार मीटरवर एक चपटा दगड होता. काकांनी यादी लिहायला घेतली.

"बसा," ते आचाऱ्याला म्हणाले. खुर्ची एकच होती, ती त्याला दिली. "मी वाचतो, तुम्ही बघून हो म्हणायचं."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"न कळता म्हणू नका, म्हणजे झालं."

आचारी कसला हो म्हणतोय! प्रत्येक ओळीला हे काय, ते काय. तासभर गेला. सहाव्या ओळीवर त्याने बोट ठेवलं ते उचलेना.

"डावीकडे वळ, असं लिहिलंय. पण हा फोटो तिच्या मागच्या डोळ्याने काढलाय ना?"

"हो."

आचारी उठला, काकांना पाठ करून उभा राहिला आणि मान मागे वळवली. "मागे बघताना दगड या बाजूला. आता तोंड पुढे केलं. सांगा बघू, माझा हा हात कुठला?"

उजवा होता. काकांनी ओळ दुरुस्त केली. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी नाही म्हणालं होतं.

शुक्रवारी आकडे आले. चाक दगडावर चढलं होतं. नऊ अंश कलंडल्या होत्या आत्याबाई. मिळणारी वीज जीव तगण्यापुरती होती, काठावरची. मॅडमनी फोनवरच पाच महिने मंजूर केले. वीज वाचवायची तर आता रेडिओ बंद ठेवायचा होता, हिवाळा सरेपर्यंत.

आचारी हात पुसत वर आला. चार ओळींची यादी. तीन ओळींना त्याने बघून, विचारून हो म्हटलं. चौथी काकांनी वाचली, "रेडिओ बंद."

आचाऱ्याने पडद्यावरचं बोट मागे घेतलं.

"हो म्हणा ना."

"मग तुम्ही काय करणार पाच महिने?"

"वाट बघणार."

"कुठे?"

"इथंच. दुसरं कुठे जाऊ?"

आचाऱ्याने खोलीभर नजर फिरवली. बघण्यासारखं फारसं काही नव्हतंच. "वाचा परत," तो म्हणाला.

"रेडिओ बंद."

"हो."

काकांनी बटण दाबलं. खाली दूध उतू जाईल म्हणून आचारी धावतच गेला. आज्ञा पोचायला अकरा मिनिटं, आणि तिकडून काही यायचं झालं तर आणखी अकरा. ती पाळली गेली हे कळायची एकच खूण होती, काहीही न येणं.

बावीस मिनिटं झाली. काका आणखी बावीस मिनिटं बसले. काहीही आलं नाही.